कोतो शाळेत परत आला!

आमच्या चौथीच्या वर्गात शुक्रवारी शेवटचा तास गाण्याचा असतो. पेटी मी वाजवते, टाळ वर्गातल्या मुली वाजवतात आणि उरलेला वर्ग बाकांवर ठेका धरतो. एका शुक्रवारी गाणं संपलं, दप्तरं भरायला सुरुवात झाली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, जपानमधली मुलं गाण्याच्या तासाला काय वाजवतात?"

मी लगेच ठोकून दिलं, "कोतो! लांबलचक असतं ते वाद्य. तेरा तारांचं." फळ्यावर चित्रसुद्धा काढून दाखवलं. मुलं खूश, मीही खूश.

घरी जाऊन पुस्तकं चाळली तेव्हा मात्र माझाच चेहरा पडला. शंभराहून अधिक वर्षं जपानी शाळांत गाण्याच्या तासाला वाजत होता ऑर्गन, नंतर पियानो, आणि मुलांच्या हातात होती माउथऑर्गन नाहीतर रेकॉर्डर नावाची पाश्चात्त्य बासरी. कोतो? तो वर्गाच्या दाराबाहेरच उभा होता! अगदी अलीकडे, २००२ साली, तो रीतसर वर्गात आला.

सोमवारी मी वर्गात कबूल करून टाकलं, "मुलांनो, शुक्रवारचं माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं." मग त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

झोपलेला ड्रॅगन

आधी कोतोची ओळख करून घेऊ. साधारण सहा फूट लांबीची, किंचित कमानदार, आतून पोकळ अशी लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणा. 'किरी' नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाची. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तेरा तारा ताणलेल्या. तंबोऱ्याच्या सगळ्या तारांना मिळून एकच घोडी असते ना? कोतोच्या प्रत्येक तारेला मात्र स्वतःची वेगळी घोडी! ती इकडे सरकवली की स्वर चढतो, तिकडे सरकवली की उतरतो. म्हणजे दर वेळी तारा पिळत बसायला नको. घोड्या सरकवल्या की सूर जुळला.

वादक उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत नख्या घालतो आणि त्यांनी तारा छेडतो. डावा हात घोडीच्या पलीकडे तार दाबतो, की स्वर हळूच वर सरकतो. आपले सतारिये तार ओढून मींड घेतात, साधारण तसंच.

जपानी लोकांना या वाद्यात झोपलेला ड्रॅगन दिसतो. त्यामुळे कोतोच्या भागांना नावं आहेत ड्रॅगनचं डोकं, ड्रॅगनचं शेपूट वगैरे!

सगळे पाहुणेच!

आता गंमत ऐका. हा 'अस्सल जपानी' कोतो मुळात जपानचा नाहीच. तो आला चीनहून, बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी. 'बिवा' नावाचं वीणेसारखं वाद्यही चीनमार्गेच आलं. बांबूची 'शाकुहाची' बासरी तिथूनच आली. तीन तारांचं 'शामिसेन' चीनहून आधी र्‍युक्यू बेटांवर उतरलं आणि मग सोळाव्या शतकात जपानच्या मुख्य भूमीवर पोचलं.

या पाहुण्यांच्या मेळ्यात आपलाही हात आहे बरं का. इ. स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा एक भारतीय भिक्षू समुद्रमार्गे जपानला पोचला. नारा या राजधानीत बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती घडवली गेली, आणि ७५२ साली तिचे नेत्र उघडण्याचा विधी झाला तो याच बोधिसेनाच्या हस्ते. त्या सोहळ्यात जपानी, चिनी, कोरियन अशी नाना देशांची गाणी आणि नृत्यं झाली. त्यातूनच पुढे दरबारी संगीत घडलं. त्याला म्हणतात 'गागाकू'. ते आजही जपानच्या राजवाड्यात वाजतं, आणि २००९ साली युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या वारशात केली.

आणखी एक ओळखीचा चेहरा सांगू? आपली सरस्वती! बौद्ध धर्माबरोबर तीही जपानला गेली. तिथे तिचं नाव झालं बेंझाइतेन. हातात वीणेच्या जागी बिवा आली, एवढाच काय तो फरक.

पाहुणे आले, राहिले आणि घरचे झाले. शामिसेनचंच पाहा. त्याची सगळ्यात जाड तार अशी बसवतात, की ती वाजताना दांडीला हलकेच घासते आणि 'झंऽऽ' असा गुंजारव उठतो. त्याला म्हणतात 'सावारी'. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे लगेच कळेल. इतक्या दूरच्या दोन देशांतल्या कानांना तोच गुंजारव गोड वाटावा, आहे की नाही नवल?

बघणारी बोटं

पुढे शेकडो वर्षं कोतो आणि शामिसेन शिकवण्याचा मान प्रामुख्याने एका खास मंडळींकडे होता. ही मंडळी होती अंध वादक. त्यांचा एक संघ असे. त्यात पायऱ्या असत, आणि सर्वांत वरच्या पायरीवरच्या गुरूला 'केंग्यो' म्हणत. सरकारने त्यांना संरक्षण दिलेलं होतं. त्यामुळे दृष्टी नसली तरी माणूस मानाने पोट भरू शकत असे.

या केंग्योंपैकी सर्वांत गाजलेले यात्सुहाशी. जन्म १६१४, मृत्यू १६८५. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांचे समकालीन! त्यांनी कोतोच्या तारा नव्या पद्धतीने जुळवल्या. या जुळणीत सा, कोमल रे, म, प, कोमल ध एवढेच पाच स्वर येतात. तुमच्यापैकी कुणी गाणं शिकत असेल तर त्याच्या लक्षात येईल, की आपल्या गुणकली रागातही नेमके हेच स्वर आहेत. सहा भागांची 'रोकुदान' ही प्रसिद्ध रचना यात्सुहाशींचीच मानली जाते. क्योतो शहरात 'यात्सुहाशी' नावाची एक दालचिनीची मिठाई मिळते. ती त्यांच्याच नावावरून आली आणि तिचा मूळ आकार कोतोसारखा असतो, असं तिथले लोक सांगतात. संगीतकाराच्या नावाची मिठाई! आहे आपल्याकडे?

अंध शिष्य शिकणार कसा? वहीत लिहून घ्यायची सोय नाही. मग तो तोंडाने बोल म्हणत असे. एक तार छेडली की 'तोन' किंवा 'तेन', दोन तारा एकदम छेडल्या की 'शान', तीन तारा ओळीने खाली उतरल्या की 'कोरोरिन'! आपला तबलजी 'धा धिं धिं धा' म्हणतो, अगदी तसं. आधी तोंडात बसवायचं, मग बोटांत उतरवायचं.

शेरा : तूर्त नाही

१८६८ साली जपानमध्ये मोठी उलथापालथ झाली. शोगुनांची सत्ता गेली, मेजी सम्राटाचं नवं सरकार आलं. 'युरोप-अमेरिकेच्या बरोबरीला यायचं' असा ध्यास देशाने घेतला. रेल्वे आली, तारायंत्र आलं, कोट-टोपी आली.

आणि जुन्या संगीताला दोन धक्के बसले, तेही एकाच वर्षी. १८७१ साली अंध वादकांचा संघ सरकारने बरखास्त केला. त्याच साली शाकुहाची वाजवत भिक्षा मागणाऱ्या, डोक्यावर टोपलीसारखी विणलेली टोपी घालणाऱ्या भिक्षूंचा पंथही मोडीत निघाला. ज्यांच्या बोटांत ते संगीत होतं, त्यांच्याच पायाखालची सतरंजी गेली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७२ साली, नव्या शाळांचा कायदा आला. प्राथमिक शाळेच्या विषयांच्या यादीत गाणं होतं, पण पुढे शेरा होता, की हा विषय तूर्त वगळावा. कारण गाण्याचं पुस्तक नव्हतं आणि गाणं शिकवणारे गुरुजीही नव्हते! आता तुम्ही म्हणाल, कोतोचे एवढे गुरू होते की! होते. पण शाळेत शिकवायचं तर ते पाश्चात्त्यच, असं नव्या राज्यकर्त्यांना वाटू लागलं होतं.

इथे या गोष्टीत एक शिक्षक येतो. इझावा शूजी हे त्याचं नाव. शिक्षकाचं प्रशिक्षण घेण्यासाठी सरकारने त्याला १८७५ साली अमेरिकेला धाडलं. बाकी सगळ्या विषयांत हुशार, पण गाण्याच्या तासाला त्याची पंचाईत होई. पाश्चात्त्य सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर, म्हणजे आपले म आणि नी, त्याच्या गळ्यातून नीट निघेनात. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही परदेशी आहात, तुम्हाला गाण्याची सूट देऊ." त्याने पुढे सांगून ठेवलंय, की ते ऐकून तीन दिवस तो रडत होता. मग त्याने ल्यूथर मेसन नावाच्या संगीतशिक्षकाला गाठलं, शिकवणी लावली आणि ते दोन स्वर गळ्यात बसवले.

जपानला परतल्यावर १८७९ साली सरकारने संगीताचं एक खातं काढलं. त्याचा कारभार इझावाकडे आला. त्याने मेसनसाहेबांनाच १८८० मध्ये टोकियोला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून शाळेतल्या गाण्यांची पुस्तकं तयार केली. चाली बऱ्याचशा पाश्चात्त्य, शब्द जपानी. स्कॉटलंडच्या एका निरोपाच्या गाण्याची चाल घेऊन काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचं जपानी गाणं तयार झालं. आजही जपानमध्ये ते शाळेच्या निरोप समारंभात म्हणतात. दुकान बंद व्हायची वेळ झाली की तीच चाल दुकानातही लावतात!

इझावा काही जुन्याचा वैरी नव्हता. पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ घालायचा, असं त्याने लिहूनच ठेवलं होतं. पुढे म आणि नी वगळून सा रे ग प ध या पाच स्वरांत नवी जपानी गाणी होऊ लागली. ओळखलंत ना? हे तर आपल्या भूपाचे स्वर! पण वर्गात वाजत राहिला तो ऑर्गनच. मुलं एका पाठोपाठ एक मोठी होत गेली आणि कोतो हे 'जुन्या लोकांचं काहीतरी' होऊन बसलं.

चौदा वर्षांचा संगीतकार

१८९४ साली कोबे या बंदराच्या गावी एक मुलगा जन्मला. नाव मिचिओ. पुढे तो मियागी मिचिओ या नावाने जगाला माहीत झाला. तान्हा असतानाच त्याचे डोळे बिघडले. सातआठ वर्षांचा होईतो दिसणं पार बंद झालं. आठव्या वर्षी घरच्यांनी त्याला कोतोच्या गुरूंकडे नेलं.

डोळ्यांनी जे हिरावलं ते कानांनी भरून काढलं. अकराव्या वर्षी गुरूंनी त्याला पूर्ण शिक्षणाचा दाखला दिला. पण घरावर संकट आलं. वडील कामासाठी कोरियात गेले होते, तिथे ते जखमी झाले. कमावणारं कुणी उरलं नाही. तेव्हा तेरा वर्षांचा मिचिओ कोरियातल्या इंचॉन गावी गेला आणि शिकवण्या करू लागला. दिवसा कोतो शिकवायचा, रात्री शाकुहाची. तेरा वर्षांचा, न दिसणारा मुलगा घर चालवत होता!

एके दिवशी त्याचा धाकटा भाऊ शाळेच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचत होता. त्यात पाण्यावरच्या सात छोट्या कविता होत्या. पाणी धुकं होतं, ढग होतं, पाऊस, हिम, गारा, दव आणि शेवटी गोठलेलं दव होतं. मिचिओ ऐकत राहिला. आणि त्या कवितांना त्याने कोतोच्या साथीची चाल दिली. ही त्याची पहिली रचना, 'पाण्याची रूपं'. साल होतं १९०९ आणि त्याचं वय होतं चौदा!

पाहा हं, ज्या शाळेत कोतोला जागा नव्हती, त्याच शाळेच्या पुस्तकाने कोतोला नवं गाणं दिलं.

तारा वाढल्या!

१९१७ साली मियागी टोकियोला आले. जुन्या रचना तर ते वाजवतच, पण पाश्चात्त्य संगीतही कान देऊन ऐकत. ऐकता ऐकता त्यांना जाणवलं, की कोतोकडे खर्जातले, खोल स्वर नाहीत. मग १९२१ साली त्यांनी कारागिरांकडून मोठा, सतरा तारांचा कोतो बनवून घेतला. त्याचा आवाज भरदार, घुमणारा. पुढे १९२९ मध्ये तर त्यांनी ऐंशी तारांचा कोतो केला! तो अवाढव्य कोतो काही रुळला नाही, पण सतरा तारांचा रुळला. आज जपानमध्ये कोतोवादकांचा मेळ बसला की सतरा तारांचा कोतो तिथे हवाच.

जुनी जाणती मंडळी कुरकुरली. "बापजाद्यांचं वाद्य असं वाढवायचं? हे कसलं कोतोवादन!" असा त्यांचा सूर होता. त्यांचीही बाजू समजून घ्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ठेव कुणी हलवू लागलं की जीव धसकतोच. पण मियागी थांबले नाहीत. जुन्या रचना त्यांनी टाकून दिल्या नाहीत, त्यांच्या शेजारी नव्या ठेवल्या. आणि मुलांसाठी कोतोच्या साथीची शंभरावर गाणी रचली!

१९२९ सालीच त्यांनी 'हारु नो उमी' रचलं. या नावाचा अर्थ 'वसंतातला समुद्र'. वाद्यं दोनच, कोतो आणि शाकुहाची. लाटांचा हेलकावा, वल्ह्यांची लय, समुद्रपक्ष्यांच्या हाका, सगळं त्यात ऐकू येतं. लहानपणी दृष्टी गेलेल्या माणसाने समुद्र असा डोळ्यांपुढे उभा केला! १९३२ साली रेने शेमे ही फ्रेंच व्हायोलिनवादक जपानला आली होती. ती हे ऐकून इतकी भारावली, की शाकुहाचीचा भाग तिने व्हायोलिनवर बसवला आणि मियागींबरोबर त्याची ध्वनिमुद्रिका काढली. ती परदेशांतही पोचली. आज जपानमध्ये नवीन वर्ष उजाडलं की दुकानांत, दूरदर्शनवर, जिकडेतिकडे 'हारु नो उमी' वाजतं.

१९३० पासून मियागी टोकियोच्या सरकारी संगीतविद्यालयात शिकवू लागले. २५ जून १९५६ रोजी कार्यक्रमासाठी ओसाकाकडे जात असताना रात्रीच्या गाडीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. टोकियोत त्यांच्या घराच्या जागी आज संग्रहालय आहे.

ढोल, शामिसेन आणि अंतराळ

मियागींनी दाखवलेल्या वाटेने पुढे पुष्कळजण गेले, प्रत्येकजण आपापल्या चालीने.

नागानो भागात ओगुची दाइहाची नावाचा एक जाझ ड्रमवादक होता. देवळातले मोठे ढोल उत्सवात एकेकटे वाजत. १९५१ साली त्याने लहानमोठे ढोल एकत्र मांडले आणि वादकांचा ताफाच उभा केला. आज जगभर गाजणारी 'ताइको' पथकं त्यातून निघाली. मागे वळून पाहिलं तर हा प्रकार पाऊणशे वर्षांचाच, पण लोकांना वाटतं पुराणकाळापासून चालत आलाय! सादो बेटावरचं 'कोदो' पथक १९८१ साली सुरू झालं. 'कोदो'चा एक अर्थ हृदयाचा ठोका, आणि ज्या अक्षरांनी ते लिहितात त्यांचा अर्थ 'ढोलाची मुलं'. लहान मुलासारखं मोकळं होऊन ढोल वाजवायचा, म्हणून हे नाव.

उत्तरेकडच्या बर्फाळ त्सुगारू भागात अंध शामिसेनवादक दारोदार वाजवून धान्य मागत. ताकाहाशी चिकुझान त्यांच्यातलेच एक. जन्म १९१०. गोवराने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. तरुणपण बर्फातून पायपीट करत, उंबऱ्याबाहेर उभं राहून वाजवण्यात गेलं. तेच चिकुझान १९७० नंतरच्या काळात टोकियोच्या एका लहानशा नाट्यगृहात वाजवू लागले, तेव्हा ऐकायला गर्दी कुणाची, तर कॉलेजातल्या पोरांची! १९९८ साली ते गेले. पुढच्याच वर्षी योशिदा नावाच्या दोन तरुण भावांनी त्सुगारू शामिसेनची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, आणि शामिसेन पुन्हा नव्या पिढीच्या कानात जाऊन बसलं.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी एक धाडस झालं. तोरू ताकेमित्सु या संगीतकाराने मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर दोनच जपानी वादक बसवले, एक बिवावाला आणि एक शाकुहाचीवाला. थांबा, चुकले! बिवा वाजवणाऱ्या त्सुरुता किन्शी या बाई होत्या. या रचनेत ताकेमित्सुंनी दोन्ही संगीतांची गोडगोड सरमिसळ केली नाही. दोघांना आपापल्या जागी, आपापल्या आवाजात बोलू दिलं.

आणि दहाच वर्षांनी शाकुहाची पोचली थेट अंतराळात! १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. परग्रहावर कुणी असलंच तर त्याने पृथ्वीवरचं संगीत ऐकावं म्हणून. तीत शाकुहाची आहे यामागुची गोरो यांची, करकोच्यासारख्या क्रौंच पक्ष्यांच्या घरट्याची कथा सांगणारी. आणि त्याच तबकडीवर भैरवी गाताहेत आपल्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या! दोन्ही यानं आता सूर्याच्या प्रभावाच्या कक्षेबाहेर गेली आहेत. ज्या बासरीच्या भिक्षूंचा पंथ १८७१ साली मोडला, तीच बासरी आज तारकांच्या प्रदेशात केसरबाईंच्या सोबतीने निघाली आहे.

आणि दार उघडलं

बासरी अंतराळात पोचली, पण शाळेत? शाळेचं दार अजून पुरतं उघडलं नव्हतं. जपानी मुलांना मोझार्ट, बेथोव्हेन ही नावं पाठ, पण आपल्याच देशाचा कोतो त्यांतल्या बहुतेकांनी हाताने कधी छेडलेला नव्हता.

शेवटी १९९८ साली सरकारने अभ्यासक्रम बदलला आणि २००२ पासून तो अमलात आला. सातवी ते नववीच्या तीन वर्षांत प्रत्येक मुलाने किमान एक तरी जपानी वाद्य वाजवायचं. कोतो, शामिसेन, शाकुहाची, ढोल, काहीही, पण वाजवायचं. नुसतं ऐकायचं नाही!

आता अडचण कुणाची झाली असेल ओळखा. शिक्षकांची! संगीताचे बहुतेक शिक्षक स्वतः पियानो शिकून आलेले. कोतोच्या नख्या कशा घालतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग सुट्टीत शिक्षकांचे वर्ग भरले. गुरुजी आणि बाई खाली बसून 'तोन, तेन, शान' म्हणू लागल्या. गावातले कोतोवादक शाळेत बोलावले गेले. वाद्यं थोडी, मुलं फार, म्हणून एका कोतोवर दोघंतिघं आळीपाळीने बसू लागली. सुरुवात बहुधा चेरीच्या फुलांवरच्या 'साकुरा साकुरा' या सोप्या, जुन्या गाण्याने होते.

१८७९ सालच्या त्या सरकारी खात्यापासून मोजलं, तर कोतोला वर्गाचं दार असं उघडायला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली.

म्हणजे सगळं गोड झालं, असं नाही. जपानमध्ये मुलांची संख्या घटतेय. वाद्यं घडवणारे कारागीर म्हातारे होताहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला फारसं कुणी येत नाही. कोतोच्या रेशमी तारा जाऊन बहुतेक ठिकाणी कृत्रिम धाग्याच्या आल्या. त्या टिकाऊ, पण जुन्या कानांना रेशमाचा मऊपणा आठवतो. दुसरीकडे नवलही घडतंय. २०१२ साली 'कोनो ओतो तोमारे' नावाची चित्रकथा सुरू झाली. तीत शाळेतलं बंद पडू घातलेलं कोतोमंडळ मुलंच पुन्हा उभं करतात. २०१९ साली तिची कार्टून मालिका निघाली आणि कोतो पाहिलाही नसलेली मुलं तो ऐकू लागली.

तुम्हीही करून पाहा

घरी किंवा शाळेत पेटी असेल तर एवढं करा. पांढरी एक, काळी एक, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार आणि वरची पांढरी एक. या पट्ट्या एकेक करून, सावकाश वाजवा. मग उलट उतरा. मध्ये थोडं थांबा, स्वर विरू द्या. हे यात्सुहाशींच्या कोतोचे स्वर. मग सा रे ग प ध, म्हणजे पांढऱ्या एक, दोन, तीन, पाच, सहा वाजवा. हे जपानी शाळेतल्या गाण्यांचे स्वर. दोन्हींतला फरक आईबाबांना ऐकवा आणि त्यांना कोणते स्वर उदास वाटतात, कोणते आनंदी, ते विचारा. मोबाइलवर 'हारु नो उमी' शोधून सगळ्यांनी मिळून ऐकलंत तर फारच छान. दिवे मालवून ऐका. मियागींनी ते तसंच ऐकलं होतं.

आमच्या वर्गात मी हे वाजवून दाखवलं तेव्हा वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरची तीच मुलगी उठली.

"बाई, ही पेटी तरी आपली आहे का?"

या वेळी मी ठोकून दिलं नाही. आधी पुस्तक पाहिलं आणि मग सांगितलं, "नाही गं, ही युरोपातून आलेली पाहुणी. दीडेकशे वर्षं झाली असतील येऊन."

"मग ती आपली कशी झाली?"

मी काही बोलणार, एवढ्यात तिच्या शेजारचा म्हणाला, "आपण रोज वाजवतो ना, म्हणून!"